परातीतली मोकळी बाजू

मूलहून चंद्रपूरच्या दिशेनं निघालं की आधी राइस मिली मागं पडतात, मग धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, संपतात आणि दोन्ही अंगांनी साग सुरू होतो. जंगल नीट सुरू व्हायच्या जरासं अलीकडं, डाव्या हाताला, एक बसकं कौलारू हॉटेल आहे. पाटीवर नाव आहे ‘तेरांगा’. फातूबाईच्या बोलीत त्याचा अर्थ पाहुणचार. पण पाटी रंगवणाऱ्या पेंटरला एवढ्यावर चैन पडेना. त्यानं खाली आपल्या मनानं ‘अस्सल आफ्रिकन जेवण’ असं लाल अक्षरांत ठोकून दिलं आणि तेव्हापासून सगळा तालुका त्या जागेला आफ्रिकाच म्हणतो. ‘दुपारी आफ्रिकेत जेवलो अन् चारच्या एसटीनं सिंदेवाहीले गेलो,’ असं इथला माणूस बेधडक सांगतो आणि ऐकणाराही मान डोलावतो.

हॉटेल गोपाल आणि फातू या नवराबायकोचं. गोपाल मूलचाच, राइस मिलचा फिटर. मिलीची यंत्रं बसवायला तो सेनेगलला गेला, दोन महिन्यांचं काम सांगून सहा वर्षं राहिला आणि येताना फातूला घेऊन आला. गावानं तोंडात बोटं घातली, ती बाहेर काढायला गावाला पुढं चार वर्षं लागली. फातू उंच, भरदार, आवाजाची मोठी. मराठी ती मूलच्या बाजारात शिकली. ‘काऊन वो, किडके वांगे देऊन राह्यली मले?’ असं ती भाजीवालीला विचारते तेव्हा पाठमोरं कोणी ऐकलं तर हमखास फसतं.

तिनं आल्या आल्या मिलवाल्यांकडं कणी मागितली. कणी म्हणजे धान भरडताना तुटलेला तांदूळ. आपल्याकडं तो कोंबड्यांना टाकतात, फार तर पेजेला वापरतात. मिलवाले हसून बेजार झाले. पण फातूच्या देशात मासेभाताला कणीच लागते, अख्खा तांदूळ रस नीट पीत नाही. तलावातला रोहू, वांग्याचे आणि कोबीचे मोठाले तुकडे, चिंचेचं पाणी, त्या रसात शिजलेली लालसर कणी आणि कडेला अंबाडीच्या पाल्याची आंबट चटणी. अंबाडी पाहून मूलच्या बायकांना तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

तरी लोक तिथं जायचे ते चवीसाठीच असं नाही. आफ्रिकेत ताट मिळत नसे. चटईवर एक भली मोठी परात यायची आणि त्या वेळी जे कोणी आलेले असतील ते तिच्याभोवती बसायचे. मिलमालकाच्या मांडीला हमालाची मांडी लागायची, वनरक्षकाशेजारी मोह वेचणारी बाई बसायची. सुरुवातीला पुष्कळांनी नाकं मुरडली. एका परातीत म्हणजे उष्टं, आणि कोणाकोणाचं उष्टं, हे तर बोलायचीही सोय नव्हती. गोपाल त्यांना म्हणायचा, ‘आपल्या पुढचंच खा ना गा. दुसऱ्याच्या बांधीत नांगर घालता काय तुमी?’ बांधीची भाषा या मुलखात सगळ्यांना कळते. काही उठून गेले, काही बसले. बसले ते पुन्हा आले.

परातीचे नियम फातूनं घालून दिलेले होते. डावा हात परातीच्या कडेला लावून धरायचा, म्हणजे ती सरकत नाही. आपल्या पुढ्यातलंच खायचं. मासा मध्यभागी असतो, तो फातू स्वतः तोडून ज्याच्या त्याच्या पुढ्यात टाकणार. जेवणाऱ्याला कोणी ‘ऊठ’ म्हणायचं नाही, मागं कितीही लोक खोळंबलेले असोत. या बाबतीत ती फार कडक होती. एकदा घाईतल्या एका साहेबानं शेजारच्या म्हाताऱ्याला ‘चला, आटपा’ म्हटलं तर तिनं साहेबालाच बाहेर काढलं. आणि शेवटचा नियम असा, की मागच्या दाराकडची परातीची बाजू मोकळी ठेवायची. तिकडं कोणी बसायचं नाही. ‘कोणी येईल,’ फातू म्हणायची. तिच्या आईच्या घरी माणसं मोजून कधी भात शिजला नाही.

रुखमा तिथं मासे साफ करायला लागली त्याला पाच वर्षं झाली. रस्त्यापासून दोनेक किलोमीटर आत जंगलात तिचं गाव. वय पस्तिशीचं, बोलणं कमी, हात चपळ. पहिल्या दुपारी फातूनं तिला हाताला धरून परातीशी बसवलं तेव्हा शेजारी मिलमालक होता आणि रुखमाचा घास तोंडापर्यंत जाईना. आजवर तिनं अशा माणसाच्या ओसरीवरही पाय ठेवला नव्हता. फातूनं माशाचा तुकडा आधी तिच्या पुढ्यात टाकला आणि मग मालकाच्या. त्या दिवसापासून रुखमा त्या बाईसाठी जीव टाकायला तयार होती. हे ती कोणाला बोलली नाही, पण खरं होतं.

मोकळ्या बाजूला येऊन बसणारा ‘कोणी’ पुढं रुखमाचा नवराच निघाला. चैतू जंगलातून मागच्या दारानं यायचा. कधी मध, कधी चारोळी, कधी नुसतेच रिकामे हात आणि लाजरं हसू. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. दोनला गिऱ्हाईक पांगलं की घरची परात बसायची. फातू, गोपाल, वाढपाचं काम बघणारे लटारूभाऊ, रुखमा, आणि तिच्या डाव्या अंगाला, दाराकडं पाठ करून, चैतू.

जेवताना त्याची एक खोड होती. तो आपल्या आणि रुखमाच्या भातामध्ये बोटानं बारीकसा बांध घालायचा, अगदी बांधीचा असतो तसा. आपल्या बाजूनं खात खात खोल खळगा करायचा. आणि जेवण होत आलं की बांध मध्येच फोडून आपल्या वाटच्या माशाचा पोटाकडचा मऊ तुकडा तिच्याकडं सारायचा. मग लगेच उठायचा. तिनं काही बोलायच्या आत नळावर हात धुवायला. फातू हसायची. ‘ए चैतू, पाणी सोडून राह्यला काय वावरात?’ रुखमा मान खाली घालायची आणि तो तुकडा सगळ्यात शेवटी खायची.

चैत्रात मोह वेचायला गेलेला चैतू परत आला नाही. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्याचे लोक सांगतात. टोपली जागच्या जागी होती, अर्धी भरलेली. बाकीचं पुढं नाल्यात सापडलं. त्याबद्दल अधिक न सांगितलेलं बरं.

गावच्या भुमकानं, म्हणजे देवाचं करणाऱ्या म्हाताऱ्यानं, रुखमाला समोर बसवून सांगितलं. ‘वाघानं नेलेला एकटा फिरत नाई, पोरी. तो पुढं चालते अन् वाघ त्याच्या मागं. जिथी त्याले जेवाले भेटलं तिथी तो रोज येते, अन् तो आला का मागचाही येते. आषाढात आखाडीले आपन शिवेवर त्याचा दगड बसवू, मंग तो शांत होईन. तोवर त्याच्या नावानं घास काढाचा नाई. जेवताना त्याची जागा मोकळी ठेवाची नाई. ध्यानात ठेव.’

रुखमानं मान हलवली. घरी सासूनं त्याचा पेला उपडा घातला, त्याची चटई गुंडाळून आढ्याला टांगली, आणि जेवताना सगळे असे खेटून बसू लागले की मध्ये बोटभर फट राहू नये. रुखमाला त्या खेटून बसण्याचा संताप यायचा. माणूस मेला तो मेला, वर घरानं त्याला बाहेर ठेवून दार लावून घेतलं, असं तिला वाटायचं.

सोळाव्या दिवशी ती कामावर आली. फातूनं तिला पोटाशी धरलं. दोनला घरची परात बसली. चौघंच. फातूनं परात ठेवली आणि सवयीनं दाराकडची बाजू मोकळी सोडली.

रुखमानं तोंड उघडलं. ‘बाई, तेवढी बाजू बंद करा’ इतकंच म्हणायचं होतं. फातूला भुमकाचं बोलणं ठाऊक असायचं कारण नव्हतं. रुखमाला ठाऊक होतं. पण साऱ्या जगात चैतूची म्हणून तेवढीच जागा उरली होती, चार बोटं रुंद, आणि ती आपल्याच तोंडानं बंद करायला सांगणं तिच्यानं होईना. तिनं घास घेतला.

हात धुवायला उठताना तिची नजर परातीत गेली. चौघांचे चार खळगे होते. पाचवा दाराकडं होता, खोल, तीन बोटांनी कोरलेला. त्याच्या आणि तिच्यामध्ये भाताचा बारीक बांध होता, मध्येच फुटलेला, आणि फुटल्या जागेतून पोटाकडचा तुकडा अलीकडं आलेला.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला, असा की डोळ्यांपुढं अंधारी आली. ती पुन्हा खाली बसली आणि तो तुकडा खाल्ला. गार होता. बाकीचा भात अजून वाफाळत होता.

दुसऱ्या दिवशी गोपालच्याही ते लक्षात आलं. फिटरच तो, परातीवर असा वाकला की जणू मिलीत कुठला पट्टा घसरलाय. ‘अबे, आपन चार. खड्डे पाच काऊन?’

‘मांजर असन,’ लटारूभाऊ म्हणाले. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. जगातल्या निम्म्या गोष्टी ते मांजरावर ढकलत.

‘मांजर बांध घालते काय गा?’

‘शिकलेलं मांजर असन.’

फातूनं एकदा रुखमाकडं पाहिलं. रुखमा भांडी गोळा करत होती.

गोपालनं तिसऱ्या दिवशी पहाराच बसवला. जेवण सोडून मोकळ्या बाजूवर डोळे लावून बसला. भात जसाच्या तसा. मग गोपालच्या नाकावर माशी बसली, त्यानं हात उडवला, एकदाच डोळे मिटले आणि उघडले. खळगा झालेला होता. उरलेलं जेवण त्यानं खाली मान घालून संपवलं. त्यानंतर त्यानं हा विषय पुन्हा काढला नाही, आणि लटारूभाऊंनी मांजराचं नाव घेणं सोडलं.

वैशाख तापत होता. चंद्रपूरचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, डांबराला चपला चिकटतात, आणि अशी शांतता पडते की आपलाच श्वास दुसऱ्या कोणाचा वाटावा. त्या शांततेत रुखमा दिवसाकाठी एकदा सुखी होत होती. ती आता आपल्या वाटचा मासाही हळूच पलीकडं सारायची. कधी भाजलेल्या खालच्या थराची खरवड, जी चैतूला आवडायची. मनातल्या मनात ती त्याच्याशी बोलायची. म्हैस व्याली. सासू तुमच्या पेल्याला हात लावू देत नाही. बसा अजून, घाई काय आहे.

आणि तो बसू लागला. पूर्वी बांध फोडला की उठणारा माणूस, पण आता बांध फुटल्यावरही खळगा खोल होत राहायचा. रुखमाला ते कळत होतं आणि त्याचा तिला अभिमान वाटत होता.

एका सोमवारी अश्वजित आला. इथला वनरक्षक, परातीचा जुना मेंबर, हसरा पोरगा. पण त्या दिवशी हसत नव्हता. ‘फातूबाई, मागच्या नाल्यात पगमार्क दिसले. ताजे होते. दुपारचे.’

‘दुपारी?’ गोपाल म्हणाला. ‘येवढ्या उन्हात वाघ पाण्यात बसून राह्यते ना?’

‘थेच तं. हा दुपारी काऊन फिरून राह्यला ते समजून नाई राह्यलं. अन् सरळ रेषेत येऊन राह्यला, कोनाच्या मागं मागं चालल्यावानी. मागच्या अंगनात एकटं जाऊ नोका.’

रुखमा मोरीपाशी विळीवर रोहू कापत होती. तिचा हात थांबला. ‘तो पुढं चालते अन् वाघ त्याच्या मागं.’ भुमकाचे शब्द तिला जसेच्या तसे ऐकू आले. आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. मग असंही आलं की सांगितलं तर आजच जागा बंद होईल. उद्या सांगू, तिनं ठरवलं. उद्याचा एक दिवस तेवढा मिळू दे.

बुधवारी पाऊल कुंपणाच्या बांबूशी उमटलेलं होतं. गुरुवारी पाण्याच्या टाकीशी. अश्वजितनं रस्त्यावर वाघाच्या इशाऱ्याचा फलक लावला, गाड्या थांबेनाशा झाल्या, परातीभोवतीची माणसं आटली. जिथं रोज चाळीस माणसांचा कालवा असायचा तिथं घरचे चौघं आणि माश्या. फातू तरी तेवढाच भात शिजवायची. ‘कोणी येईल,’ म्हणायची. रुखमा रोज उद्यावर ढकलत राहिली.

शुक्रवारी दुपारी परात बसली. नेहमीसारखाच मासा मोडला गेला, नेहमीसारखीच दाराकडची बाजू मोकळी. मागचं दार उकाड्यानं उघडंच होतं आणि त्यातून अंगण दिसत होतं, अंबाडीचा वाफा, त्यापलीकडं बांबूचं बेट. निम्मं जेवण झालं असेल, फातू वाटीत डोकावली. ‘चटणी खतम. थांबा, पाला घेऊन येते.’

‘एकटी जाऊ नोको,’ गोपाल म्हणाला.

‘दहा पावलं तं आहे,’ फातू म्हणाली आणि गेलीसुद्धा.

तेवढ्यात रुखमाला मोहाचा वास आला. तो आंबूस, गोड, जड वास. मोहाचा हंगाम महिन्यापूर्वी संपला होता. बाहेर माकडं मघापासून ओरडत होती, ती सगळी एकदम गप्प झाली. आणि तिच्या डोळ्यांदेखत, आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. पलीकडच्या भातात तीन बोटांचा खळगा उतरला. कण हलले, बाजूला सरले, बांध उभा राहिला. मग तो मध्ये फुटला आणि माशाचा तुकडा हळूहळू तिच्याकडं आला.

तिनं मान वर केली. दारातून फातू दिसत होती, वाफ्यावर वाकलेली, पाला खुडत, तोंडानं काहीतरी गुणगुणत. तिच्या मागं, दोन खाटा मावतील एवढ्या अंतरावर, बांबूच्या सावलीत वाघ बसला होता.

तो फातूकडं बघत नव्हता. तो दारातून आत, परातीकडं बघत होता, त्या मोकळ्या बाजूकडं. बरोबरचा माणूस जेवायला बसलाय आणि आपण बाहेर वाट बघतोय, तसा. पुष्कळ दिवस वाट बघितली होती त्यानं. गोपालनंही पाहिलं. पण ओरडावं तर फातू दचकून धावणार. लटारूभाऊंनी डाव्या हातानं परातीची कड घट्ट धरली.

खळगा खोल होत होता. चैतू उठत नव्हता. वाढणारी वाढत होती, मग तो कशाला उठेल? वाघानं एकदा जीभ फिरवली. मग त्याची नजर परातीवरून निघाली आणि वाकलेल्या फातूच्या पाठीवर येऊन थांबली. तो उभा राहिला.

रुखमाला त्या एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. पहिला घास तिला वाढणाऱ्या बाईची ती पाठ. आणि आपण, जाणून बुजून, रोज दुपारी तिच्या अंगणात काय बोलावत होतो ते. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती आणि चैतूची इतकी माया कधी आली नव्हती. दोन्ही एकदमच.

तिनं तो माशाचा तुकडा उचलला आणि परत पलीकडं ठेवला.

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. त्यानं दिलेलं तिनं कधी परत केलं नव्हतं. पलीकडचे भाताचे कण एकदम थांबले.

मग तिनं फुटलेला बांध बोटांनी लिंपला. कडेला धरलेला डावा हात सोडला, दोन्ही हातांनी आपल्या पुढचा भात ओढून त्याचा खळगा भरायला लागली, वर तळव्यानं दाबत गेली. आणि ज्या घरात ते कोणी कोणाला म्हणत नाही, ते ती म्हणाली.

‘उठा. जेवन झालं तुमचं.’

आवाज तिचाच होता, पण तिला तो ओळखू आला नाही. ‘इथी येऊ नोका आता. मी वाढनार नाई. उठा अन् जा, अन् त्याले घेऊन जा.’

क्षणभर काही झालं नाही. तिच्या तळव्याखाली भात गरम होता. मग तो गार पडत गेला, मध्यापासून कडेपर्यंत, आणि मोहाचा वास तिच्या अंगावरून, अगदी कानाजवळून, दाराबाहेर गेला.

अंगणात वाघानं मान फिरवली. शेजारून कोणी चालत गेल्यावर आपण बघतो तशी. फातूच्या पाठीकडं त्यानं पुन्हा पाहिलं नाही. तो वळला आणि नाल्याच्या बाजूनं निघाला. वाघासारखा नव्हे. दमलेल्या माणसामागं चालावं तसा, मध्ये मध्ये थांबत, त्याच्या चालीनं.

फातू ओंजळभर पाला घेऊन आत आली. ‘काऊन असे बसले? भात थंडा होऊन राह्यला.’ मग तिनं परात पाहिली. भरलेला खळगा, लिंपलेला बांध, पलीकडं एकटा पडलेला तुकडा. ‘कोणाले उठवलं?’ ती विचारू लागली. ‘कोणी उठवलं?’

रुखमानं सांगितलं. भुमकाचं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं सांगितलं, सोमवारचं आणि प्रत्येक उद्याचं सांगितलं. मध्ये ती रडली, रडणं थांबवून पुन्हा सांगितलं. गोपाल उठून मागच्या दाराशी गेला आणि बाहेरची पावलं बघत तिथंच राहिला. फातूच्या हातातला पाला गळून चटईवर पडला होता.

‘मले सांगाचं होतं, रुखमा.’

‘सांगतलं असतं तं तुमी जागा बंद केली असती.’

‘हाव,’ फातू म्हणाली. ‘केली असती.’

तिनं रुखमाला माफ केलं असं म्हणता येणार नाही, निदान त्या दिवशी नाही. पण तिनं तांब्यात पाणी आणलं, रुखमाचे भातानं माखलेले दोन्ही हात धरले आणि एक एक बोट धुतलं. लटारूभाऊंनी माशाचा तो तुकडा अंबाडीच्या वाफ्यात पुरला. पुरताना ते तिकीट फाडताना म्हणायचे तसं काहीतरी पुटपुटले, कोणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोनला फातू परात घेऊन आली आणि चटईपाशी नुसतीच उभी राहिली. कोणती बाजू मोकळी सोडावी, की सोडूच नये, हे तिला कळेना. पाच वर्षांत तिला असं अडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

रुखमा उठली आणि मागच्या दाराकडं पाठ करून चैतूच्या जागी बसली. ‘माझी जागा मोकळी राहू द्या,’ ती म्हणाली. ‘कोनी आलं तं तिथी बसन.’

आणि आलं. सिरोंचाकडचा एक ट्रकवाला, फलक वाचता न येणारा, तेलुगू बोलणारा, पाण्यासाठी म्हणून थांबलेला. फातूनं त्याला हाताला धरून रुखमाच्या जागी बसवलं, डावा हात कडेला कसा धरायचा ते दाखवलं. तो भुकेला होता. पहिल्या घासाला त्यानं डोळे मिटले आणि मान डोलावली, तेव्हा किती दिवसांनी फातू हसली.

रुखमा जेवत होती. दारातून येणारं ऊन तिच्या पाठीला लागत होतं. जेवण होत आलं तशी तिची नजर खाली गेली. तिच्या आणि ट्रकवाल्याच्या मध्ये भाताचा बारीक बांध होता. तिच्याच बोटांनी कधी घातला तिला कळलंही नव्हतं. ट्रकवाला भला माणूस, त्यानं तो ओलांडला नव्हता.

तेवढ्यात पाठीवरचं ऊन गेलं. कोणी दारात उभं राहावं तशी सावली तिच्यावरून परातीत पडली, पाठ गार झाली आणि मोहाचा वास आला. समोर बसलेल्या गोपालचा घास हातातच राहिला. रुखमानं वळून पाहिलं नाही. तिला पाहायचं होतं, तिच्या मानेची शीर न् शीर वळायला बघत होती.

तिनं बोटानं बांध फोडला, पोटाकडचा तुकडा ट्रकवाल्याच्या पुढ्यात सारला आणि म्हणाली, ‘खा, दादा.’

तो आधी संकोचला, मग हसला आणि खाऊ लागला. तो खाऊन होईपर्यंत ती त्याच्या हाताकडंच बघत राहिली. मग तिच्या पाठीला पुन्हा ऊन लागलं.